नवमीला बंद राहिलेलं ऑफिस

"ऋता पूजेत आहे. तासाभराने करा," असं सांगून शकुनने फोन बंद केला आणि श्यामकांतांच्या हातात परत दिला.

खांबेट्यांच्या कलकत्त्यातल्या, बालीगंजमधल्या तीन पिढ्यांत थापा पुष्कळांनी मारल्या असतील, पण पुरणाचा हात पदराला पुसता पुसता, आवाजाची पट्टी न बदलता मारलेली ही पहिलीच. श्यामकांतांना आधी बायकोचं कौतुक वाटलं. मग ते घाबरले.

"ऋता तिबिलिसीला आहे," ते म्हणाले.

"मला काय सांगता? फेब्रुवारीत विमानतळावर सोडायला मीच गेले होते."

"मग पूजेत आहे कशाला सांगितलंस?"

"तुम्ही फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघत उभे राहिलात. तिकडची मुलगी हॅलो हॅलो करतेय आणि इकडे तुमचा पुतळा. काहीतरी सांगायला नको?"

तिकडची मुलगी म्हणजे ऋताच्या कंपनीतली. कंपनी डब्लिनची, तिकडच्या इस्पितळांच्या रुग्णांच्या नोंदी सांभाळणारी. तिच्या भारतातल्या माणसांचं बघणारी ही मुलगी पुण्यात बसायची, नाव स्नेहा. तिने इंग्रजीत, फार अदबीने विचारलं होतं. आपण ऋता खांबेटे यांचे वडील ना? आणीबाणीला कळवायचा नंबर म्हणून तुमचा दिलेला आहे. थोड्या वेळापूर्वी ऋताचं खातं जॉर्जिया देशातून उघडलं गेलं. कोणी चोरून वापरत असेल म्हणून आम्ही ते बंद केलंय. ती तुमच्याजवळ घरी आहे ना, एवढीच खात्री करून घ्यायची होती.

मुलगी जॉर्जियात आहे, खातं जॉर्जियातून उघडलं, मग यात चोरी कुठे आली, हे श्यामकांतांना कळेना. आणि आपली माणसं कुठे बसून काम करतात हे पुण्याच्या मुलीला ठाऊक नाही, हे त्यांना खटकलं. खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्सच्या नोकरीत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला खटकलेली गोष्ट गिळता येत नाही. ती त्याच्या घशाशी बसते आणि मग आजूबाजूच्या सगळ्यांना खोकला येतो.

ऋता गेल्यापासून घरात 'ऋताचं ऑफिस' उघडायचं काम त्यांच्याकडे होतं. रोज दुपारी पाऊण वाजता ते तिच्या खोलीत जायचे, टेबलावरचा कंपनीचा लॅपटॉप उघडायचे, तिच्या दादाने, सुश्रुतने, त्याला जोडलेल्या काळ्या डबीचं बटण दाबायचे. डबीवर हिरवा दिवा लागला की ऋता जिथे असेल तिथून, आधी व्हिएतनामच्या दानांगहून आणि आता तिबिलिसीहून, तो लॅपटॉप चालवायची. वीज गेली तर ते तिला कळवायचे, आली की पुन्हा बटण. कंपनीचा लॅपटॉप देशाबाहेर न्यायला परवानगी नाही, असं मुलीने त्यांना सांगितलं होतं, आणि त्यांना त्या कंपनीबद्दल आदर वाटला होता. माल कुठून कुठे जातो यावर कोणाचं तरी लक्ष असलं पाहिजे.

आज मात्र खंडेनवमी. सॉल्ट लेकहून मंदाकिनी, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहीणबाई, सकाळीच रिक्षातून उतरल्या होत्या आणि दरवर्षीसारखी हत्यारांची पूजा त्यांनी मांडली होती. या घरात तलवारी कधीच नव्हत्या. ज्याचं पोट ज्यावर चालतं ते त्याचं हत्यार, हा बाईंचा नियम. चौरंगावर शकुनची शिवणाची कात्री, श्यामकांतांची सील लावायची जुनी पक्कड, सुश्रुतचं गळ्यात घालायचं ओळखपत्र, बाईंची स्वतःची लाल पेन्सिल. आणि मधोमध, ओल्या फडक्याने पुसून, हळदकुंकू वाहून, कीबोर्डवर अक्षता टाकून, ऋताचा लॅपटॉप. पोरीचं पोट कशावर चालतं हे काय आत्याला कळत नाही?

पाऊण वाजता श्यामकांत सवयीने खोलीत गेले तेव्हा टेबल रिकामं होतं. लॅपटॉप त्यांना चौरंगावर दिसला. क्षणभर वाटलं, उचलावा. पण एकाहत्तर वर्षं कलकत्त्यात काढलेल्या माणसाला नवमीच्या दिवशी जगात कुठे ऑफिस उघडं असेल ही कल्पनाच करता येत नाही. इथे दुर्गापूजेच्या पंचमीपासून लोक कामाच्या गोष्टी दिवाळीनंतरच्या बोलीवर बोलतात. त्यांनी लॅपटॉपवर एक झेंडूचं फूल ठेवलं, नमस्कार केला आणि पेपर वाचायला बसले.

*

सुश्रुतला आईने खालच्या मांडवातून बोलावून घेतलं तेव्हा तो पाड्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, लोकांच्या ओळीला देवीच्या भोगाची खिचुडी वाढत होता. हातातला डाव दुसऱ्याला देऊन त्याने फोन पाहिला. ऋताचे सतरा मिस्ड कॉल. शेजारी चार ढाकी ढोल बडवत असताना खिशातला फोन कुठला ऐकू येणार? वर घरातले फोनही त्याच गोंगाटात वाजून थांबले होते.

घराच्या तीन जिन्यांत त्याला सगळं कळून चुकलं. पायऱ्या चढताना त्याचं डोकं चांगलं चालतं, पण या वेळी ते चालल्याचा काही उपयोग नव्हता.

त्याने बैठकीत येऊन फोन फुलदाणीला टेकवला आणि ऋताला लावला. ती स्वयंपाकघरासारख्या कुठल्यातरी जागेत उभी होती, केस ओले, अंगावर स्वेटर.

"दादा, लॅपटॉप कुठाय?"

"पूजेत."

"कुठे?"

"पूजेत. आत्याने मांडलाय. आज खंडेनवमी. कीबोर्डवर अक्षता आहेत."

पडद्यावर ऋताचं तोंड इतका वेळ हललं नाही की सुश्रुतला वाटलं, नेट गेलं.

"दीडला मीटिंग होती," ती शेवटी म्हणाली. "मी बाबांना लावला, आईला लावला, तुला लावला. मग माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवरून दोन मिनिटांसाठी आत गेले. वाटलं, कोण बघतंय."

"बघतात. आमच्याकडेही बघतात."

"ते आता कळलं. बाबा आहेत तिथे? बाबा, ती स्नेहा परत करेल ना, तेव्हा फक्त एवढं म्हणा की मी घरीच आहे. बाकी मी बघते. मोबाइलमध्ये जागा बदलून दाखवणारं एक ॲप असतं, ते चुकून चालू राहिलं, असं सांगेन. पण घरचं कोणीतरी हो म्हणायला हवं."

श्यामकांत खुर्चीत जरा पुढे सरकले. कस्टम्समध्ये माणसाची ट्रंक उघडायला सांगण्याआधी ते असेच सरकत असत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"म्हणजे कंपनीला माहीत नाही?"

"काय?"

"तू कुठे आहेस ते."

"बाबा, लॅपटॉप बाहेर न्यायचा नाही हा नियम खरा आहे. मी खोटं नाही बोलले."

"लॅपटॉपचं कळलं. तुला जायला परवानगी होती का?"

ऋताने डोळे मिटले. "रुग्णांच्या नोंदी दिलेल्या पत्त्याबाहेरून उघडायच्या नाहीत, असं लिहून घेतात. सगळ्यांकडून. पण कोणी पाळत नाही ते, बाबा. माझ्या ओळखीचे पाचजण असंच करतात. काम तर मी करतेच ना? आठ महिन्यांत एक दिवस उशीर नाही."

"सुश्रुत, तुला ठाऊक होतं?"

"हो, बाबा." डबी त्यानेच मागवली होती, त्यानेच जोडली होती, एका रविवारी सकाळी, शीळ घालत. सेक्टर फाइव्हमधल्या त्याच्या कचेरीत आत जाताना कार्ड लावायचं, बाहेर येताना कार्ड लावायचं, चहाला गेलं तरी मिनिटं मोजली जायची. आपल्या दोघांपैकी एकाला कोणी मोजत नाहीये, याचं त्याला तेव्हा फार सुख वाटलं होतं. थोडा हेवाही वाटला होता, पण तो त्याने कोणाला दाखवला नव्हता.

"शकुन?"

शकुन दूध बघायला आत गेली. आज घरात दूध तापत ठेवलेलं नव्हतं.

"आणि अक्का, तुला?"

"मला कोणी काही सांगत नाही," मंदाकिनी म्हणाल्या. "पण मी चाळीस वर्षं शाळेत काढली आहेत. वर्गात बाकावर दप्तर आहे आणि मुलगी नाही, हे मला दारातून कळतं."

श्यामकांतांनी मान हलवली. "म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मिळून माझा प्रामाणिकपणा जपलात. मला कामाला लावून."

खाली ढाक थांबले होते.

"दादा," ऋता म्हणाली, "लॅपटॉप आत्ता जोड. स्नेहाने खातं परत उघडलं की लगेच मी बालीगंजहून दिसायला हवी."

"जोडतो. पण एक सांगू, ऋता?" सुश्रुतने आवाज खाली आणला, जसा काही खोलीतल्या इतरांना तो ऐकूच येणार नव्हता. "डबीबद्दल विचारलं तर माझं नाव नको घेऊस. आमच्याकडे असं कळलं तर मला दारात उभं नाही करणार कोणी. तू ऑनलाइन बघून स्वतः जोडलीस, असं सांग."

ऋता त्याच्याकडे बघत राहिली. मघापर्यंत या घरात तिच्या बाजूला एक माणूस होता. तो तिने मनातल्या मनात वजा केला, आणि ते सुश्रुतला पडद्यावरून स्वच्छ दिसलं.

"नाही घेणार," ती म्हणाली.

*

लॅपटॉप उचलायला सुश्रुत देवघरात गेला तेव्हा मंदाकिनी दारात पाट टाकून बसल्या होत्या. शहात्तराव्या वर्षी पाटावर बसलं की उठायला वेळ लागतो, म्हणून त्या सहसा बसत नसत. आज बसल्या होत्या.

"आत्या, जरा सरक ना."

"उद्या. दसऱ्याला उत्तरपूजा झाली की."

"आत्या, तिची नोकरी जाईल."

"तर तुझ्या बापाला सांग, ती घरी आहे म्हणून दोन शब्द बोल. लागलं तर मी बोलते. म्हणू का, माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली आहे? पण मांडलेलं हत्यार नवमीला उचलायचं नाही. हे आजोबांपासून चालत आलंय."

श्यामकांत मागे येऊन उभे राहिले होते. "हत्यार मी उचलून देतो, अक्का. मला त्याचं काही नाही. पण मी खोटं बोलणार नाही."

हिशेब मोठा गमतीचा जमला होता. भाऊ पूजा मोडायला तयार पण खोटं बोलायला नाही, आणि बहीण हवं तेवढं खोटं बोलायला तयार पण पूजा मोडायला नाही. दोघांची अक्कल एकत्र केली असती तर मुलगी दहा मिनिटांत सुटली असती. दोघांचं सोवळं एकत्र झालं होतं, म्हणून ती अडकली होती.

"खोटं बोलणार नाहीस," मंदाकिनी सावकाश म्हणाल्या. "चारूच्या वेळीही हेच म्हणाला होतास."

सुश्रुतला वाटलं आपण इथे नसावं. चारुदत्तकाकांचं नाव या घरात कोणी काढत नसे. श्यामकांतांचे सर्वांत धाकटे भाऊ, बोटीवर स्टुअर्ड. एकोणनव्वद साली खिदिरपूरच्या फाटकावर त्यांच्या ट्रंकेत न दाखवलेल्या चार वस्तू सापडल्या. ड्यूटीवरचा अधिकारी बाजूला होत होता, पण श्यामकांतांनीच त्याला थांबवून कागद करायला लावले. चारुदत्तांची बोटीवरची नोकरी सुटली. ते मंगलोरला गेले आणि त्यानंतर त्यांनी कधी हावडा स्टेशन पाहिलं नाही.

"तेव्हा कायदा आहे म्हणालास. मी गप्प बसले, कारण तू घरातला कर्ता आणि मी माहेरी परत आलेली. आई गेली तेव्हा दाराकडे बघत होती, श्याम. तुझ्याकडे नव्हती बघत."

"मला ठाऊक आहे."

"ठाऊक असून काय उपयोग? माणसाने आयुष्यात एकदा असं करावं. दोनदा करायला लागला की ती सवय होते."

श्यामकांत स्वयंपाकघराकडे वळले. मंदाकिनी पाटावर बसून राहिल्या. त्यांच्या मनात दुसरंच काही चाललं होतं. भाऊ आडमुठा खरा, पण लॅपटॉपची वायर भिंतीतून ओढून काढली ती त्याने नाही. ती ओढताना काळ्या डबीवरचा हिरवा दिवा विझला होता, तो त्यांना दिसला होता. त्यांनी मनाशी म्हटलं होतं, आज त्यालाही सुट्टी.

त्यांनी सुश्रुतसमोर हात केला. "उठव मला."

उठून त्या चौरंगापाशी गेल्या. झेंडू बाजूला ठेवला, लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला, तिरका करून अक्षता तबकात पाडल्या. कोपऱ्यात अडकलेले चार दाणे फुंकून काढले. मग तो सुश्रुतच्या हातात दिला.

"तुझ्या आईला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "आणि चौरंगावर ती जागा रिकामी दिसू देऊ नकोस. पाटी ठेव एखादी."

*

स्वयंपाकघरात शकुन पोळ्या लाटत होती. पुरणपोळी लाटताना तिला कोणी बोललेलं आवडत नाही, आणि नवऱ्याला नेमकं तेव्हाच बोलायचं असतं. बेचाळीस वर्षांत तिने याला इलाज शोधला नव्हता. पोळ्या मात्र फाटायच्या थांबल्या होत्या.

"तू मला सांगायला हवं होतंस," श्यामकांत म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी तिला परत बोलावलं असतं."

"नियम मोडत होती ती."

"हो. मोडत होती. चूकच आहे." तिने पोळी तव्यावर टाकली. "मी एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचार."

"तुम्हाला खरं बोलायचंय, का तिला परत आणायचंय?"

श्यामकांत ओट्याला टेकले.

"तिची खोली रंगवून घेतलीत जुलैत. विचारलं तर म्हणालात, ओल आली होती. ओल बैठकीत आली होती. शेजारच्या मनोहररावांना सांगितलंत, दिवाळीपर्यंत येईल ती. तिने तसं कधी म्हटलं नव्हतं. आणि दुपारी ऑफिस उघडून झालं की उठत नाही तुम्ही तिथून. अर्धा अर्धा तास बसता. मी चहा घेऊन येते, तर पडद्याकडे बघत असता."

"पडद्यावरचं मी वाचत नाही. ते लोकांचं खासगी असतं."

"मग काय बघता?"

बाहेरच्या खोलीतून सुश्रुतचा आवाज येत होता, तो ऋताला काहीतरी दाबायला सांगत होता. श्यामकांतांनी पोळपाटावरचं पीठ बोटाने एका बाजूला केलं. हे शकुनला मुळीच चालत नसे. आज तिने चालू दिलं.

"तो बाण हलतो," ते म्हणाले. "आपोआप. खुर्चीत कोणी नसतं आणि बाण हलतो, अक्षरं उमटतात, मध्येच थांबतात. ती विचार करत असली की थांबतात. मग भराभर. चुकलं की मागे जाऊन खोडते. लहानपणीही गणित तसंच करायची, खोडरबर हातात धरून. इथेच आहे, असं वाटतं."

शकुनने पोळी उलटली. तिला पुष्कळ काही सुचलं होतं, ते तिने तव्यावरच ठेवलं. आठ महिने ती या माणसावर मनातून चिडत होती, की मुलीचा फोन आला की हा दोन वाक्यं बोलून तिच्याकडे देतो. आता कळलं, त्याचं बोलणं रोज दुपारी होऊन जात होतं.

"तेही जाईल आता," ती म्हणाली. "खरं सांगितलंत तर."

"जाईल."

"आणि तरी सांगणार."

"पुण्याची ती मुलगी मी सांगेन ते लिहून घेणार, शकुन. माझ्या शब्दावर. कुठल्यातरी आजारी माणसाचे कागद त्यात आहेत. मी कसं म्हणू, की सगळं ठीक आहे?" ते थांबले. "पण तू विचारलंस ते बरोबर आहे. दोन्ही आहे त्यात. ती यावी असंही आहे."

"मग दोन्ही एका दमात सांगू नका. नोकरी जाणार तिची, त्यात तुमची इच्छा मिसळलीत तर ती तुम्हाला कधी माफ करणार नाही. आणि मीही नाही." ती पुन्हा लाटायला लागली. "जा आता. मधूनमधून बोलून तुम्ही माझी एक पोळी जाड केलीत."

*

साडेतीनला फोन वाजला. लॅपटॉप ऋताच्या टेबलावर होता, डबीवर हिरवा दिवा होता, सुश्रुत खुर्चीमागे उभा होता. दारात मंदाकिनी. सुश्रुतच्या फोनवर ऋता, तिचा माइक बंद, चेहरा मोठा. श्यामकांतांनी आपला फोन स्पीकरवर टाकला. ऐकायचं तर सगळ्यांनी ऐकावं.

"सर, पुन्हा त्रास देतेय," स्नेहा इंग्रजीत म्हणाली, आणि मग थांबली. "खांबेटे म्हणजे तुम्ही मराठी ना? मला मघाशी मागून आवाज आला तेव्हा वाटलं."

"हो."

"अरे, मग मराठीतच बोलते, काका. ऋताची पूजा झाली का? मला फार नकोय काही. ती घरी आहे, एवढं तुम्ही म्हणालात की मी तसं लिहिते आणि खातं उघडून देते. तिच्याशी नंतर बोलेन."

तिने दार सताड उघडून दिलं होतं. बिचारीला ते दार आहे हेही ठाऊक नव्हतं. ऋता पडद्यावर वडिलांकडे बघत होती आणि विनवत नव्हती, हे श्यामकांतांनी पाहिलं. ते त्यांना जड गेलं. तिने विनवलं असतं तर त्यांना रागाचा आधार मिळाला असता.

"ऋता घरी नाही," ते म्हणाले. "ती फेब्रुवारीपासून परदेशात आहे. आता तिबिलिसीला आहे. खातं तिनेच उघडलं, चोराने नाही. तुम्ही काळजी करू नका."

पलीकडे कीबोर्डचा आवाज थांबला.

"काका, पण तिचा लॅपटॉप तर रोज कलकत्त्यातून..."

"लॅपटॉप इथेच आहे. तो रोज पाऊण वाजता मी चालू करतो. वीज गेली तर पुन्हा चालू करतो. आज बंद होता कारण आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पूजेत ठेवतात. मी तो पूजेत पाहिला आणि उचलला नाही."

"तुम्ही?"

"मी. त्याला जोडलेलं यंत्रही माझ्या घरात, माझ्या नेटवर चालतं. नेट माझ्या नावावर आहे." सुश्रुत काहीतरी बोलायला पुढे झाला, त्याला त्यांनी हाताने मागे केलं. "तुम्हाला नाव लिहायचं असेल तर माझं लिहा. आठ महिने हे ऑफिस मी चालवलंय."

मंदाकिनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांना आठवत होता एक फाटकावरचा माणूस, गणवेशातला, टेबलाच्या त्या बाजूचा. आज तो ट्रंक उघडून या बाजूला उभा होता आणि आतलं एकेक काढून दाखवत होता.

"काका, मी हे लिहिलं ना," स्नेहाचा आवाज बारीक झाला होता, "तर यात नोकरी राहत नाही. साधारणपणे. मी नाही ठरवत ते, डब्लिनला ठरतं. शुक्रवारी तिला बोलावतील. तुम्ही... मी पाच मिनिटांनी फोन करू का परत?"

"नको, बाळ. तू लिही. तुला पाच मिनिटांनी वेगळं ऐकायला मिळेल आणि मग तुला ते सांभाळत बसावं लागेल."

"ठीक आहे," ती म्हणाली. आणि मग, "ऋताला सांगा, तिचं काम चांगलं होतं. ते मी वेगळं लिहीन."

फोन बंद झाला. टेबलावरच्या लॅपटॉपवर खातं बंद असल्याची पाटी होती आणि बाण एका कोपऱ्यात स्थिर होता. सुश्रुतने डबीचं बटण बंद केलं, मग काय करावं न कळून हात खिशात घातले.

"ऋता," तो म्हणाला, "शुक्रवारी मी पण बोलतो त्यांच्याशी. डबी मी जोडली ते."

"नको, दादा. एकाची जाऊ दे." तिने माइक सुरू केला होता. डोळे लाल होते, पण आवाज तिच्या आईसारखा, पट्टी न बदलणारा. "बाबा, मला राग आलाय. आत्ता काही बोलू नका. आणि एक सांगते, नोकरी गेली म्हणून मी परत येणार नाही. ते डोक्यात असेल तर काढून टाका."

श्यामकांतांनी सुश्रुतच्या हातातून फोन घेतला आणि ऋताच्या खुर्चीत बसले. दारात आता शकुनही येऊन उभी होती, हातात उलथणं तसंच. त्यांना तिच्याकडे बघायची गरज वाटली नाही.

"येऊ नकोस," ते म्हणाले. "दुसरं काम बघ. परवानगी देणारं बघ, असतं तसंही कुठे कुठे, सुश्रुत सांगत होता. तोवर तिथेच राहा."

ऋताने केस मागे सारले.

"डोक्यात होतं, हे खरं आहे," ते म्हणाले. "खोली त्यासाठीच रंगवली. ओल नव्हती. पण ते माझं झालं. त्यासाठी तू यायचं नाहीस."

"बाबा..."

"मला तुझा पत्ता दे. खरा. तिबिलिसी एवढंच ठाऊक आहे मला. विचारलं कोणी, तर गाव सांगतो आणि पुढे काही येत नाही."

ऋताने चेहऱ्यावरून हात फिरवला. रस्त्याचं नाव सांगितलं. ते लांब होतं, त्यांनी तीनदा म्हणायला लावलं. त्यांनी ते टेबलावरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिलं, हळूहळू, वाचून दाखवत.

"घर नंबर?"

"चौदा."

"मजला?"

"चौथा." मग ती म्हणाली, "लिफ्ट नाहीये, बाबा. जिना लाकडाचा आहे, फार उभा."

त्यांनी चार लिहिलं आणि पेन तसंच धरून राहिले. बायकोच्या दुखऱ्या गुडघ्याचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर इतका उघड दिसत होता की पडद्यापलीकडे तिबिलिसीतही तो पोचला.

"चढेन मी," शकुन दारातून म्हणाली. "बसत बसत."